जांभळी जमीन आणि आबांचं फाटक

मी पोट भरतो ते रंग जुळवून. सुरतेत पांडेसऱ्यातल्या एका प्रोसेस हाउसच्या, म्हणजे कापड रंगवायच्या मिलच्या, लॅबमध्ये मी शेड मास्तर आहे. मार्केटमधली पार्टी साडीचा बोटभर तुकडा घेऊन येते आणि म्हणते, "मास्तर, सेम टू सेम हाच पाहिजे." मी तो तुकडा दिव्याखाली धरतो, मान तिरकी करतो आणि "हं" म्हणतो. ते "हं" नीट म्हणायला शिकण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उरलेली निम्मी लोकांना एकच उपदेश करण्यात गेली: शेठ, रंग एका उजेडात पाहून पास करू नका. लॅबच्या दिव्यात वेगळा, उन्हात वेगळा, दुकानाच्या पिवळ्या लाइटीत आणखी वेगळा. रंग पलटतो.

हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही म्हणाल, याला एवढंही माहीत नव्हतं? माहीत होतं. रोज दहा जणांना सांगत होतो.

आमच्या घरात आगगाडी शिरली तीही माझ्याच गाढवपणामुळे. बायकोनं मला जुन्या बाजारात मिक्सरचं भांडं आणायला पाठवलं होतं. मी परत आलो तो खेळण्यातलं एक इंजिन, मूठभर रूळ आणि विजेचा एक खोका घेऊन. का, ते मला आजही सांगता येत नाही. विकणाऱ्यानं ते फळीवर चालवून दाखवलं आणि माझी मती गेली.

"आणि भांडं?" बायको म्हणाली.

"ते... नव्हतं चांगलं."

आता चटणी कशात वाटू, इंजिनात का, असा प्रश्न येणार म्हणून मी तयारीत होतो. तो आला नाही. ती रुळाचा तुकडा हातात घेऊन बसली होती. दोन पट्ट्यांमधल्या जागेत तिनं बोटाचं पेर ठेवून पाहिलं, आणि म्हणाली, "अहो, ही आपली छोटी गाडी आहे."

आपली म्हणजे तिची. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी अरुंद रुळांची गाडी. तिचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्या लाइनवर गेटमन होते. एका गाडीवाटेवरच्या फाटकाला लागून त्यांचं एका खोलीचं क्वार्टर होतं. बायको तिथेच वाढली. आता ती छोटी गाडी बंद झालीये, लाइन मोठी करायचं काम निघालंय. गाडी बंद झाल्यापासून आबांनी तिचं नाव काढलेलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणतात, "गाडी होती, गेली. त्याच्यात काय?" आणि तंबाखूची डबी शोधायला लागतात, ती हातातच असली तरी.

बायको घरी ब्लाउज शिवते. आमच्या सोसायटीत लग्न ठरलं की मुलीकडचे आधी आमच्याकडे येतात, मग हॉल पाहतात. त्या इंजिनानंतर मात्र गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत शिवणयंत्राशेजारी एक प्लायवूड आलं. मग दुसरं. मग मला कळलं की ते दोन्ही जोडून एक सबंध मुलूख तयार होणार आहे आणि माझी खाट बाहेर जाणार आहे.

तिनं ते कसं केलं हे मी जवळून पाहिलं, म्हणून सांगतो. नकाशा नाही, फोटो म्हणावा तर एक, तोही कुणाच्या तरी लग्नाचा, ज्यात नवरदेवाच्या कानामागे फाटकाचा खांब दिसतो. बाकी सगळं डोक्यात. डबे तिनं साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे केले. सुरतेत या पुठ्ठ्याला तोटा नाही. स्लीपर आइसक्रीमच्या काड्यांचे. तारेचे खांब उदबत्तीच्या काड्यांचे, आणि त्यांच्यावरच्या तारा म्हणजे जरीचा उसवलेला धागा. क्वार्टरच्या पुढे वाळत घातलेली साडी होती, बोटभर, लाल. ती खरोखर साडीच होती. कडेला शिवण घातलेली. मी म्हटलं, "एवढ्याशा कापडाला कोण शिवण घालतं?" तर म्हणाली, "दोरे सुटले असते ना."

अडचण आली की ती जमिनीवर मांडी घालून बसायची आणि डोळे टेबलाच्या कडेला लावून पाहायची. मला वाटायचं थकली. नंतर समजलं, ती लहानपणी जेवढी होती तेवढी होऊन पाहत होती.

एकदा मी तज्ज्ञाच्या आवाजात म्हणालो, "हा फाटकाजवळचा कडुलिंब फार मोठा झाला. क्वार्टरच्या मानानं हे झाड बघ केवढं आहे."

"तेवढंच होतं," ती म्हणाली. विषय संपला.

पण तिचा खरा जीव होता फाटकात. ते नुसतं चिकटवलेलं नव्हतं. ब्लाउजचे हूक आणि आकडे वापरून तिनं त्याला बिजागऱ्या केल्या होत्या. बोटानं ढकललं की लागायचं, ओढलं की उघडायचं. त्या रात्री जेवताना ती चारदा हसली, कारण न सांगता.

कतारगामच्या एका वाडीत, म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये, दरवर्षी छंदांचं प्रदर्शन भरतं. नाणी, तिकिटं, बोन्साय, काड्यांचे महाल. तिथल्या आयोजकांतले एक काका बोन्सायवाले. त्यांच्या सुनेचे ब्लाउज आमच्याकडे यायचे. त्यांनी वर येऊन गाडी पाहिली आणि मधलं टेबल देऊन टाकलं. बायकोनं त्याच दिवशी गावी फोन लावला.

"आबा, रविवारी सुरतेला या."

"काबरं?"

"सहज. एक प्रदर्शन आहे."

"मले काय करायचं प्रदर्शन?"

"या तर."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "एक ऐका. त्यांना कुणी काही सांगायचं नाही. हे आपलं फाटक आहे, हे क्वार्टर आहे, काही नाही. त्यांनी पाहून ओळखलं तर ते ते आहे. सांगावं लागलं तर मी नुसता पुठ्ठा कापत बसले होते." मग, "आणि तुम्ही तर अजिबातच बोलायचं नाही."

आबांनी आजवर तिच्या कशाला चांगलं म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. शाळेत ती पहिली आली तेव्हा म्हणाले होते, "दुसरी आली असती तर काय करनार होती?" त्यामुळे या वेळी पणाला काय लागलं होतं ते मला कळलं. आणि कळल्यामुळेच मी मदत करायला धावलो. मी धावलो की काय होतं, ते आमच्या घरात भिंतींनाही माहीत आहे.

"रंग माझ्यावर सोड," मी म्हणालो.

तिचं म्हणणं साधं होतं. शेतात काळी माती दाखवायची आहे, तर काळी माती आणा, चाळा, पसरा. मी हसलो. मातीत काय कला आहे? शिवाय धूळ इंजिनाच्या चाकांत जाते. मखमलीची लव कापताना जो भुसा उडतो तो आमच्या मिलमध्ये पोत्यांनी पडलेला असतो. तो मी आणला आणि रंगवायला घेतला. आपल्याकडची काळी, पाऊस पिऊन सुकायला लागलेली, अशी शेड मी पाच वेळा फेल करून सहाव्यांदा जमवली. कपाशीचा हिरवा जमवला, केळीचा वेगळा जमवला. लॅबमधली पोरं म्हणाली, "मास्तर, कुठल्या पार्टीचं काम आहे?" मी म्हटलं, "मोठी पार्टी आहे. रिजेक्ट केलं तर घर सोडावं लागेल."

आणि हे सगळं मी पाहिलं कुठे? लॅबच्या दिव्याखाली. पिवळ्या लाइटीत एकदाही नाही. गच्चीवर नेऊन उन्हातही सुरेख दिसलं, म्हणून मी आणखी एक इंच फुगलो.

शनिवारी दुपारी टेम्पोतून मुलूख कतारगामला नेला. दोन प्लाय जोडले, रूळ जुळले, विजेचा खोका लागला. तोवर दारं उघडी होती, बाहेरचा उजेड होता. मग कुणीतरी दारं लावली आणि वाडीतल्या लाइटी पेटवल्या. लग्नाच्या हॉलच्या लाइटी: पिवळ्या, उबदार, नवरी गोरी दिसावी म्हणून लावलेल्या.

माझी काळी जमीन जांभळी झाली.

थोडीशी नाही. वांग्यासारखी. कपाशीचा हिरवा वाळलेल्या तंबाखूसारखा तपकिरी पडला. केळीनं तर कोणता रंग घेतला ते सांगायला मी पगार घेतो, पण मला सांगता आलं नाही. काळ्यात लाल लपून बसलेला असतो, पिवळ्या दिव्यात तो बाहेर येतो, हे मी नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवतो.

बोन्सायवाले काका लगबगीनं आले. दोन्ही हात जोडून म्हणाले, "अरे वाह बेन! आ तो काश्मीर छे! केसरनी खेती!"

बायकोनं त्यांना नमस्कार केला. ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "शेड पास आहे का, मास्तर?"

मी पुटपुटलो, "दिवे बदलून मिळाले तर..."

"सगळ्या वाडीचे?"

"दारं उघडी ठेवली तर..."

"उद्या आबा येतील. काश्मीरमध्ये त्यांची बदली कधी झाली नव्हती."

मग तिनं पदर खोचला. तिच्या त्या खोचण्याला मी घाबरतो आणि त्यावर माझा भरवसाही आहे. तिनं मला घरी पिटाळलं ते गच्चीवरच्या कुंड्या आणायला. तुळस सोडून सगळ्या. त्या कुंड्यांतली माती सुरतेबाहेरच्या सचिन गावाकडच्या एका शेताच्या बांधावरून आणलेली, चांगली काळी. मी रिक्षात मेथी, पुदिना आणि अर्धवट फुललेला गुलाब घेऊन आलो तेव्हा ती प्लायवरून माझी कला खरवडून काढत होती. एका पिशवीत माझा सहा प्रयत्नांचा जांभळा ढीग पडला होता.

माती तिनं नेटच्या ओढणीतून चाळली. ब्लाउजच्या बाहीला चुण्या पाडाव्यात तशी बोटांनी सऱ्या पाडल्या. इस्त्रीसाठी पाणी मारायच्या बाटलीत डिंकाचं पाणी भरून वरून असा फवारा मारला की मातीचा कण हलला नाही. कपाशीच्या रोपांना वेळ नव्हता, तेव्हा तिनं पुदिना खुडला. खरा पुदिना, ओळीत लावलेला, पिवळ्या दिव्यातही हिरवा. फक्त लांब कोपऱ्यातली केळीची बाग माझीच ठेवली. "वेळ नाही," म्हणाली. "आणि तुमचंही काहीतरी राहू द्या."

मी बाजूला उभा. करायला काही नाही. अशा वेळी मी काही करू नये हा नियम मला ठाऊक आहे, पण हात रिकामे राहिले की ते माझे राहत नाहीत. फाटक जरा लटकत होतं. गाडी जवळून गेली की थरथरायचं. मी खिशातून झटपट चिकटणाऱ्या डिंकाची ट्यूब काढली आणि बिजागरीत एकच थेंब टाकला. एकच. थरथर थांबली. केवढा आनंद झाला मला! सांगायचंही विसरलो.

रविवारी सकाळी प्रदर्शन उघडलं आणि बायकोनं फाटक लावायला बोट पुढे केलं. फाटक हललं नाही. उघडं फाटक, आणि उघडंच.

"हे कुणी केलं?"

प्रश्न विचारायची तशी गरज नव्हती. टेबलाभोवती आम्ही दोघंच होतो.

तिनं टाके उसवायचं हत्यार काढलं, पण तेवढ्यात दारात आबा दिसले. पांढरा सदरा, टोपी, हातात पिशवी, आणि चेहऱ्यावर प्रदर्शन बंद करायला आल्यासारखा भाव. तिनं हत्यार खाली ठेवलं आणि हात मागे बांधले, शाळेतल्या मुलीसारखे.

आबांनी घाई केली नाही. आधी नाणी पाहिली. काड्यांच्या महालापुढे थांबून म्हणाले, "रिकामे लोकं आहेत." बोन्साय पाहून म्हणाले, "वाढू काबरं देत नाही त्याले?" मग आमच्या टेबलापाशी आले. हात मागे. एका टोकापासून बघत निघाले: स्टेशन, पाण्याची टाकी, पूल, शेत. शेतापाशी वाकले, चिमूट माती बोटांत चोळली.

"माती इकडची आहे," ते म्हणाले. "आपल्याकडची नाही ही."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मातीबद्दल बोलायचा हक्क गमावून बसलो होतो.

आबा सरळ उभे राहिले. "बरं आहे खेळणं," म्हणाले, आणि खिशात डबी शोधू लागले.

बायकोनं विजेच्या खोक्याचं बटण फिरवलं. मला तिचा चेहरा पाहवेना, म्हणून मी गाडीकडे पाहू लागलो. गाडी स्टेशनातून निघाली. पुलावरून आली, टेकडीमागे गेली, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली आणि लिंबाकडे वळली.

"फाटक!"

सगळी वाडी दचकली. आबांचा आवाज हॉलमध्ये मावेना. "अरे गाडी येऊ ऱ्हायली न् फाटक उघडं! कोन आहे ड्युटीवर? बैलगाडी आली असती म्हंजे?" आणि त्यांनी खिशातला हात काढून तो आडवा रुळावर धरला. इंजिन येऊन तळहाताला भिडलं. चाकं जागच्या जागी गरगरत राहिली.

बायकोनं बटण बंद केलं.

आबांचा हात तसाच होता. ते त्या हाताकडे बघत राहिले, मग फाटकाकडे, मग फाटकाशेजारच्या क्वार्टरकडे. हळूहळू खाली वाकले. आणखी वाकले, आणि शेवटी गुडघ्यावर बसले, तिचा डोळा जिथे असायचा तिथे त्यांचा डोळा आला. लाल साडीला त्यांनी नखानं हात लावला.

"तुही माय इथंच टाके साडी," ते म्हणाले. "मी म्हने, दोरी लांब बांध, इंजिनाचा धूर बसते. ऐके काय."

"नाही ऐकत होती," बायको म्हणाली.

"लिंब एवढा नव्हता पन."

"मी एवढी होते ना, आबा." तिनं कमरेखाली हात दाखवला.

त्यांनी तो हात पाहिला, झाड पाहिलं, आणि वाद सोडून दिला. त्यांनी कुठला वाद सोडून दिल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग उठताना त्यांना आठवलं. "पन फाटक उघडं कोनं ठेवलं?"

बायकोनं माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसतं पाहिलं. तेवढं पुरतं.

"जवाईबापू," आबा म्हणाले, "तुमाले रेल्वेनं घेतलं नसतं."

"मिलनं घेतलं तेही चुकून, आबा," मी म्हणालो. त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी डबीत घातलं.

तिनं उसवायच्या हत्याराच्या टोकानं माझा थेंब कोरून काढला. फाटक सुटलं. आबांनी खुर्ची मागवली आणि फाटकासमोर बसले. गाडी टेकडीमागे गेली की एका बोटानं फाटक लावायचे, डावा हात हिरव्या झेंड्याच्या उंचीवर धरायचे, शेवटचा डबा गेला की उघडायचे. दुपारी आम्ही म्हटलं, जेवून घ्या. "आन् गाडी?" म्हणाले. डबा तिथेच आणून दिला. मुलं हात लावायला आली की त्यांना "मागं, मागं, लाइन क्लिअर नाही" असं दरडावायचे, आणि सुरती मुलांना कळलं नाही तरी ती मागं व्हायची.

बोन्सायवाले काका येऊन कौतुकानं म्हणाले, "दादा, आ तमे बनाव्युं?"

"पोरीनं," आबा गाडीवरची नजर न काढता म्हणाले. "सगळं पोरीनं. मी फक्त ड्युटीवर आहे." मग त्यांनी हनुवटीनं कोपऱ्यातली केळीची बाग दाखवली. "ते तेवढं जवाईबापूंचं. करपा पडला वाटते."

बायको खोक्यापाशी बसली होती. तिनं तोंड फिरवलं आणि पदरानं उगाच इंजिनाचं छत पुसलं. सकाळपासून दहा वेळा पुसून झालं होतं ते. मी पुदिन्याला पाणी मारत होतो. उन्हाळ्यात टाकतो तशा तो माना टाकायला लागला होता आणि ते एक काम मला सोपवण्यात आलं होतं, लांबून, फाटकाला शिंतोडाही लागणार नाही अशा बेतानं.

संध्याकाळी वाडी रिकामी झाली. मी मुलूख उचलायला वाकलो आणि हुशारी म्हणून, वाटेत हेलकावे नकोत म्हणून, फाटक लावून घेतलं.

"उघडं राहू द्या," आबा म्हणाले. "शेवटली गाडी गेली. आता रस्ता लोकांचा."

त्यांनी स्वतः ते उघडलं. मग माझ्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, डिंकाची ट्यूब काढली आणि आपल्या मुलीच्या पिशवीत टाकली.